अर्ध्या जगाचा हक्क – लेखांक ६ : परवानगी पुरुषांची

मागच्या लेखात आपण न्यूझीलंडमध्ये होतो. केट शेपर्ड आणि तिच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांच्या सह्या गोळा केल्या आणि १८९३ साली मतदानाचा हक्क मिळवला. या आठवड्यात तिथून अठ्ठ्याहत्तर वर्षे पुढे यायचे आहे, आणि तेही थेट युरोपच्या मध्यभागी. स्वित्झर्लंडमधल्या स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा अधिकार मिळाला तो ७ फेब्रुवारी १९७१ रोजी. तोवर आपल्याकडे लोकसभेच्या चार निवडणुका होऊन गेल्या होत्या आणि इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन पाच वर्षे झाली होती.

हा देश काही अडाणी नव्हता. नादेझ्दा सुस्लोवा या रशियन तरुणीला झुरिक विद्यापीठाने १८६७ साली वैद्यकशास्त्रातली डॉक्टरेट दिली, तेव्हा युरोपातल्या बहुतेक विद्यापीठांचे दरवाजे मुलींना बंद होते. मग मताच्या बाबतीतच एवढा उशीर का? डोंगराळ मुलूख, सनातनी शेतकरी, चर्चचा पगडा अशी कारणे नेहमी सांगितली जातात. ती खरी आहेत, पण अपुरी आहेत. शेजारच्या देशांतही डोंगर होते आणि चर्चही होते. खरे कारण त्या देशाला ज्याचा सर्वाधिक अभिमान आहे, त्या थेट लोकशाहीतच आहे.

जर्मनीत १९१८ साली क्रांतिकारी सरकारने फर्मान काढले आणि बायका मतदार झाल्या. फ्रान्समध्ये १९४४ साली द गॉलच्या हंगामी सरकारचा एक अध्यादेश पुरला. आपल्याकडे संविधान सभेने प्रौढ मताधिकार ठरवला आणि विषय संपला. अंमलबजावणी सोपी नव्हती. ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ यापलीकडे स्वतःचे नाव न सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायका पहिल्या मतदारयाद्यांतून गळाल्या. पण त्यांच्या हक्कासाठी कोणी देशभरच्या पुरुषांचा कौल घेतला नाही. स्वित्झर्लंडमध्ये नेमका तोच घ्यावा लागला. तिथे राज्यघटना बदलायची तर सार्वमत लागतेच, आणि दुहेरी बहुमत लागते : देशभर पडलेल्या मतांचे, शिवाय कँटनांचे, म्हणजे तिथल्या घटक राज्यांचे. मतदार सगळे पुरुष. म्हणजे किल्ली ज्याच्या कमरेला, त्यालाच दर वेळी विचारायचे, कुलूप उघडू का?

न्यायालयाची वाट एका बाईने फार लवकर चोखाळून पाहिली होती. एमिली केम्पिन-श्पीरी ही कायद्याची डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्विस स्त्री. ‘हायडी’ लिहिणाऱ्या योहाना श्पीरी यांची ही पुतणी. तिला मताधिकार नाही म्हणून कोर्टात वकील म्हणून उभे राहू दिले जात नव्हते. घटनेत तर लिहिले होते, सर्व स्विस नागरिक कायद्यापुढे समान. त्यात बायका येतात, असे तिचे म्हणणे. १८८७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद नवा आणि धाडसी ठरवून फेटाळला. ती न्यूयॉर्कला गेली, तिथे बायकांसाठी कायद्याचे वर्ग काढले, परत आली, आणि १९०१ साली बाझेलच्या मनोरुग्णालयात वारली. तिच्या आयुष्याची ही नासाडी वाचताना आजही संताप येतो.

त्या निकालानंतरची चाळीस वर्षे अर्ज-विनंत्यांत गेली. १९२८ साली बर्नमध्ये स्त्रियांच्या श्रमाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा मिरवणुकीत बायकांनी चाकांवर बसवलेली एक प्रचंड गोगलगाय ओढत नेली. मताधिकाराची चाल कोणाची, ते सांगायला शब्द लागले नाहीत. पुढच्याच वर्षी सुमारे अडीच लाख सह्यांचे निवेदन सरकारला दिले गेले. ते पडून राहिले.

गाडी हलली ती सरकारलाच बायकांची गरज पडली तेव्हा. शीतयुद्धाच्या काळात नागरी संरक्षणाच्या कामात स्त्रियांना सक्तीने घ्यावे, असा प्रस्ताव १९५७ साली सार्वमताला आला. मत द्यायचा हक्क नाही आणि कर्तव्याची मात्र सक्ती, हे काही गावांनाही खटकले. वाले कँटनमधल्या उंटरबेख या डोंगराळ गावाने ३ मार्च १९५७ रोजी आपल्या बायकांना मतदानाला बोलावले. ८४ जणींपैकी ३३ आल्या. सरपंचांची पत्नी काथारिना त्सेनहॉयझर्न हिने पहिले मत टाकले. त्यांची मते वेगळ्या पेटीत ठेवली गेली आणि मोजली गेली नाहीत. पण त्या ३३ जणींनी गावातल्या पुरुषांच्या टोमण्यांना आणि परंपरेच्या धाकाला न जुमानता कागद पेटीत टाकला, ही गोष्ट मला संसदेतल्या कितीतरी भाषणांपेक्षा मोठी वाटते.

१ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिले राष्ट्रीय सार्वमत झाले. बाजूने ३,२३,७२७, विरोधात ६,५४,९३९. आपेन्झेल इनररोडन या कँटनमध्ये तर सुमारे ९५ टक्के पुरुषांनी ‘नाही’ म्हटले. बाईने राजकारणात पडू नये, कुटुंबाच्या वतीने नवरा मत देतोच की, असा प्रचार होता, आणि तो करणाऱ्यांत स्त्रियांची एक समितीही होती. वरच्या थरातल्या ज्या स्त्रियांना आपले म्हणणे नवऱ्यामार्फत किंवा ओळखीतून पुढे नेता येत होते, त्यांना मतपत्रिकेची निकड भासत नव्हती. याच सुमारास, १९५८ मध्ये, वकील इरिस फॉन रोटेन हिचे स्त्रियांच्या कोंडमाऱ्यावरचे जाडजूड पुस्तक आले. लग्न, पगार, घरकाम, शरीरसुख, काहीच तिने झाकून ठेवले नाही. बाझेलच्या कार्निव्हलमध्ये तिची जाहीर टवाळी झाली, आणि सार्वमत हरल्यावर खापरही तिच्याच माथी फोडले गेले. स्त्रीसंघटनाही तिच्यापासून चार हात दूर राहिल्या.

सार्वमताच्या दिवशीच एक गोष्ट मात्र घडली. फ्रेंच भाषक वो कँटनने आपल्यापुरता स्त्रियांना मताधिकार दिला. मग नशातेल, मग जिनिव्हा. साठच्या दशकाच्या शेवटी युरोपीय मानवी हक्क करारावर सही करायची वेळ आली, तेव्हा सरकारने स्त्रियांच्या मताधिकाराचा मुद्दा बाजूला ठेवून सही करण्याचा घाट घातला. बायकांचा संयम तिथे सुटला. १ मार्च १९६९ रोजी हजारो जणी बर्नला संसदेसमोर जमल्या. मोर्चाचे नेतृत्व करणाऱ्या एमिली लीबरहेर यांनी ठणकावून सांगितले की आम्ही विनंती करायला आलेलो नाही, मागणी करायला आलो आहोत. शिट्ट्यांनी चौक दणाणून गेला.

दोनच वर्षांनी, ७ फेब्रुवारी १९७१ च्या सार्वमतात, आकडे उलटले. बाजूने ६,२१,१०९, विरोधात ३,२३,८८२. बारा वर्षांपूर्वी जितके पुरुष बाजूने होते, जवळजवळ तितकेच आता विरोधात उरले होते.

इथे लेख संपायला हवा होता. पण राष्ट्रीय मताधिकार मिळाला तरी कँटनचा कारभार कँटनच्या हाती. आपेन्झेल इनररोडनमध्ये आजही एप्रिलच्या शेवटच्या रविवारी भर चौकात लोकांची खुली सभा भरते, हात वर करून निर्णय होतात. पुरुष कमरेला तलवार किंवा कट्यार लावून येतात. बापाकडून मुलाकडे आलेले ते हत्यारच त्यांचे मतदानाचे ओळखपत्र. या सभेने १९७३, १९८२ आणि एप्रिल १९९० अशा तीन वेळा बायकांना नाकारले. देशाच्या संसदेसाठी मत देणारी बाई आपल्या गावच्या चौकात मात्र दोराबाहेर उभी.

अखेर तिथल्याच थेरेसा रोनर आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. २७ नोव्हेंबर १९९० रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला : कँटनच्या घटनेत जे नागरिक म्हटले आहेत, त्यात स्त्रिया येतात. केम्पिन-श्पीरीचे म्हणणे, १०३ वर्षांनी. या वेळी कोणाची परवानगी विचारली गेली नाही. समानतेचा हक्क बहुमताच्या मर्जीवर सोडता येत नाही, कारण ज्यांना वगळले आहे, त्यांची गणना त्या बहुमतात होतच नाही. एप्रिल १९९१ पासून बायकाही त्या चौकात उभ्या राहतात. त्यांच्यापाशी तलवार नसते, साधे मतदार कार्ड असते.

मताने काय मिळाले, तेही पाहायला हवे. जुन्या विवाह कायद्यात नवरा कुटुंबप्रमुख होता, आणि बायकोला नोकरीसाठी त्याची संमती लागे. नवा कायदा १९८५ च्या सार्वमतात टिकला तो स्त्रियांच्या मतांवर. बहुसंख्य पुरुषांनी त्याही वेळी विरोध केला होता. १४ जून १९९१ रोजी सुमारे पाच लाख बायकांनी देशभर संप केला. त्याची कल्पना निघाली होती घड्याळे बनवणाऱ्या कामगार स्त्रियांकडून. आणि मातृत्व विमा? घटनेत त्याची तरतूद १९४५ साली झाली. प्रस्ताव मतपेटीत पुन्हा पुन्हा पडत राहिले. बाळंतपणाची चौदा आठवड्यांची सपगार रजा देशभर लागू झाली ती १ जुलै २००५ रोजी.

पुढच्या आठवड्यात आइसलँड. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या दहांतल्या नऊ बायकांनी नोकरीतले आणि घरातलेही काम एक दिवस बंद ठेवले, त्या दिवसाविषयी.