हगवणीत आधी पाणी, मग औषध

आंबेगाव तालुक्यातलं आहुपे सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहे. घोडेगाव हे तालुक्याचं ठिकाण डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालून गाठावं लागतं. पावसाळ्यात तिथून डॉक्टर येईपर्यंत हगवण लागलेल्या वासराची तब्येत पार बदललेली असते. म्हणून पहिला उपचार गोठ्यातल्या माणसानेच सुरू करायला हवा.

हगवणीत वासरू मरतं ते बहुतेकदा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने, रक्त आम्लधर्मी झाल्याने. पहिल्या तीन-चार दिवसांत ई. कोलाय जिवाणूचं विष आतड्याला पाणी बाहेर टाकायला लावतं. पुढच्या दोन आठवड्यांत रोटा व कोरोना विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी अन्नरस शोषणारं अस्तरच खरवडतात. शेणाचा रंग पाहून यातलं कोण, हे ठरवता येत नाही. वासराचं वय जास्त सांगून जातं.

त्याहून महत्त्वाचं, पाणी किती गेलं? तोंडात बोट घाला: चोखतं का, तोंड गार लागतं का? मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती सावकाश बसली, डोळे खोल गेले, तर सुमारे आठ टक्के पाणी गेलं समजा. २० किलोच्या वासरात ते दीड लिटरहून अधिक भरतं. चोखत नसेल, उठत नसेल, तर तोंडाने काही ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. त्याला शिरेतून सलाईनच लागतं. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

चोखणाऱ्या वासराला क्षार-साखरेचं पाणी पाजा. आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊनच आत शिरतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. हगवणीतही ही वाट बहुधा चालू राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच पाण्यावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. वासरांसाठीची पावडर उत्तम. माणसांच्या पुडीत सोडियम कमी असतं, तरी दुसरं काही नसेल तर तीच द्या. दूध मात्र तोडू नका. उपाशी वासरू लवकर खचतं. प्रतिजैविक ताप, शेणात रक्त किंवा सुस्ती असेल तेव्हाच, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

खरं संरक्षण मात्र चिकात आहे. गाईच्या पोटात असताना वासराला तिची प्रतिपिंडं मिळत नाहीत. ती चिकातूनच येतात आणि ती आतड्यातून रक्तात जाण्याची सोय २४ तासांत बंद होते. २० किलोच्या वासराला पहिल्या दिवशी दोन लिटर चीक हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. जार पडेपर्यंत पाजायचं नाही, ही समजूत इथेच घात करते. उलट वासरू आचळ ओढतं तेव्हा गाईच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटतं, गर्भाशय आकुंचन पावतं आणि जार सुटायलाही मदत होते.