भयकथेमागील मातृहृदय

क्रौंचवधानें कळवळलेल्या वाल्मीकींच्या मुखांतून श्लोक बाहेर पडला, ही कथा आपल्या घरांतील लहान मुलांनाहि ठाऊक असते. शोकांतून करुण काव्य उपजावें, यांत कोणास नवल वाटत नाहीं. परंतु शोकांतून भयानक रसाची कथा कशी जन्मते, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. त्याचा विचार करतांना आम्हांस मेरी शेले या इंग्रज लेखिकेच्या चरित्राचा फार उपयोग झाला.

तिची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी १८१८ सालीं प्रथम निनांवी प्रसिद्ध झाली. फ्रँकेन्स्टाइन हें राक्षसाचें नांव, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तें त्याला घडविणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाचें नांव. राक्षसाला बिचाऱ्याला नांवच नाहीं. मृत अवयव जुळवून हा शास्त्रज्ञ त्यांत प्राण ओततो, आणि तो जीव डोळे उघडतो न उघडतो तोंच त्याच्या कुरूपतेला भिऊन त्यास टाकून पळतो. पुढील सारा अनर्थ या टाकून देण्यांतूनच उद्भवतो.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा. स्त्रियांच्या हक्कांची प्रख्यात पुरस्कर्ती मेरी वुलस्टनक्राफ्ट ही तिची आई. ती त्याच बाळंतपणांत १० सप्टेंबर रोजीं वारली. १८१५ च्या फेब्रुवारींत, वयाच्या सतराव्या वर्षानंतर लौकरच, मेरीला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली. ती दोन आठवड्यांतच गेली. पुढें थोड्याच दिवसांनीं तिनें रोजनिशींत एक स्वप्न टिपून ठेविलें. बाळ मेलेलें नसून केवळ गारठलें होतें, आणि विस्तवापुढें चोळतांच तें जिवंत झालें, असें तें स्वप्न. जाग येतांच तें सुख संपलें. १८१६ च्या जूनमध्यें जिनीव्हाच्या सरोवराकांठीं, पावसानें कोंडलेल्या दिवसांत, प्रत्येकानें एकेक भुताची गोष्ट लिहावी अशी टूम बायरन कवीनें काढली. तेव्हां मेरीला गोष्ट सुचली ती निष्प्राण देहांत प्राण आणणाऱ्याची. यास निव्वळ योगायोग म्हणावयास आमचें मन धजत नाहीं.

तथापि येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मुलें गेलीं म्हणून मेरीनें हें पुस्तक लिहिलें, असें सरसकट म्हणणें सनावळीला धरून नाहीं. कादंबरींत राक्षसाचा पहिला बळी शास्त्रज्ञाचा धाकटा भाऊ. त्याचें नांव विल्यम. तें मेरीच्या वडिलांचें नांव, आणि तिच्या पुत्राचेंहि. पुस्तक लिहिलें जात असतां तो तान्हा विल्यम तिच्या मांडीवर खेळत होता! पुढें १८१८ च्या सप्टेंबरांत धाकटी क्लारा व्हेनिस येथें गेली, आणि ७ जून १८१९ रोजीं विल्यम रोममध्यें तापानें गेला. म्हणजे त्या पानांवर मागील दुःखाइतकीच पुढील दुःखाची धास्ती उमटली आहे. एक मूल गमावलेली आई दुसऱ्याच्या उशाशीं कशी जागते, हें ज्या घरांनीं पाहिलें आहे त्यांस निराळें सांगावयास नको.

१८२२ च्या जुलैंत तिचा पति, कवि पर्सी शेले, इटलीच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत बुडाला. चार मुलांपैकीं धाकटा पुत्र तेवढा उरला. १८२६ च्या 'द लास्ट मॅन' या कादंबरींत मेरीनें साथीच्या रोगानें मनुष्यजात नाहींशी करून शेवटीं एकच माणूस शिल्लक ठेविला. येथें राक्षस नाहीं; केवळ ओसाडी आहे. धास्तीचें पुस्तक तें पहिलें, पोकळीचें हें दुसरें.

दुःख तर त्या काळीं घरोघर होतें, आणि त्या सर्वांनीं कांहीं भयकथा लिहिल्या नाहींत. मेरीचें वैशिष्ट्य हें कीं, तिनें भयाचें मूळ राक्षसाच्या रूपांत न ठेवतां त्याला टाकून जाणाऱ्याच्या वर्तनांत ठेविलें. आईवांचून वाढलेल्या या मुलीनें त्या पोरक्या जीवाला आपली कैफियत स्वमुखानें सांगूं दिली, आणि वाचणारा भितां भितां त्याची कींव करूं लागतो. भयानक आणि करुण हे रस येथें एकमेकांस भेटतात. हें पुस्तक घरांतील तरुण मंडळींच्या हातीं दिसलें, तर वडिलधाऱ्यांनीं तें हिसकावून न घेतां एकदां स्वतः वाचावें, एवढीच आमची विनंति आहे.