शब-ए-मालवा आणि दुपटीचं गणित

मे महिन्यातही पहाटे गच्चीवर चादर ओढावी लागायची, हे इंदूरच्या राजेंद्र नगरातली जुनी मंडळी अजून कौतुकाने सांगतात. ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्यातल्या रात्रीची, ख्याती उगाच नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचावर आहे आणि उन्हाळ्यात इथली हवा कोरडी असते. दिवसभर तापलेल्या जमिनीची उष्णता अडवायला बाष्पच नाही, म्हणून ती रात्री आकाशात निसटते. त्याच रात्री मुंबईकर मात्र घामाने निथळत असतो.

पृथ्वी किती तापणार, या प्रश्नाची मेख याच बाष्पात आहे.

पण सुरुवात होते कार्बन डायऑक्साइडपासून. आमच्या शेजारच्या ‘कॅट’मध्ये, म्हणजे आताच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, कार्बन डायऑक्साइडचे शक्तिशाली लेझर तयार झाले. तिथे हा रेणू 10.6 मायक्रॉनचा किरण देतो. वातावरणात तोच 15 मायक्रॉनच्या आसपासची उष्णता शोषतो. त्याचं प्रमाण दुप्पट झालं आणि बाकी काहीच बदललं नाही, तर तापमानवाढ होईल जेमतेम सव्वा अंश. एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! पण हवा एक अंश तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प सामावू शकते, आणि ते बाष्प आणखी उष्णता अडवतं. मुद्दल लहान, व्याज मोठं. त्यात बर्फ वितळून उघडी पडलेली काळी जमीन ऊन पिते. ढगांचं तर विचारूच नका: खालचे सावली धरतात, उंचावरचे विरळ ढग पांघरूण घालतात.

स्वीडनच्या अऱ्हेनियसने 1896 मध्ये हाताने आकडेमोड करून दुपटीला 5 ते 6 अंश सांगितले. 1979 च्या चार्नी अहवालात 1.5 ते 4.5 आले, आणि 2013 मध्येही शास्त्रज्ञ त्याच पट्ट्यात अडकून होते. दोष बहुतांशी ढगांचा. उपग्रहांची निरीक्षणं आणि हिमयुगाच्या खुणा एकत्र ताडून पाहिल्यावर 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने (आयपीसीसी) तो 2.5 ते 4 वर आणला; सर्वोत्तम अंदाज 3 अंश. त्या अहवालामागच्या जागतिक मॉडेलांमध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं मॉडेलही होतं, भारतातलं पहिलंच.

‘भारत तर 1901 ते 2018 मध्ये 0.7 अंशच तापला,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण त्यात धुराच्या सूक्ष्म कणांनी धरलेली सावलीही आहे.

औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत 280 भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आता 420 च्या वर गेला आहे. दुप्पट म्हणजे 560. सरळ बेरजेने हा निम्मा रस्ता. पण सुरुवातीची भर जास्त तापवते, त्यामुळे उष्णतेच्या हिशेबात आपण निम्म्याच्या पुढे आलो आहोत.