किळस शिकवावी लागते

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा जमलेल्या हजारो माणसांसाठी प्यायचे पाणी विकत घ्यावे लागले. चाळीस रुपयांचे. चवदार तळे गावातच होते आणि कागदोपत्री सगळ्यांना खुलेही होते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्यावर आपला शिक्काही मारला होता. तरी तीन वर्षांत अस्पृश्य म्हटलेल्यांपैकी कुणाची तळ्यावर जायची छाती झाली नव्हती.

२० मार्चला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून ती सगळी माणसे तळ्यावर गेली, पाणी प्यायली आणि शिस्तीत मांडवात परतली. पुढचे आपण शाळेत शिकतो. थोड्या वेळाने गावात कुणीतरी उठवले, की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. काही जण जेवत होते, काही परतीची बांधाबांध करत होते. लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना मारले, अन्न मातीत मिसळले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. नंतर १०८ घागरींचा विधी करून शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात मिसळले गेले आणि तळे ‘शुद्ध’ झाले.

पोलादपूर तालुक्यातल्या शाळांवर मी नोकरीभर मास्तरकी केली. २० मार्चला ही हकिकत सांगताना एखादे पोर हमखास विचारायचे, ‘गुरुजी, पण त्या तळ्यावर गुरंढोरं पीत होती ना?’ पीत होती. मुसलमानही पाणी भरत होते. मग चौथीतल्या पोराला दिसते ते वकील-सावकारांना दिसत नव्हते का?

दिसत असणार. पण किळस हिशेब करत नाही. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात एक प्रयोग केला. पूर्ण निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात बुडवून काढले आणि शिकलेल्या माणसांना तो रस प्यायला सांगितला. रसात जंतू नाही हे पटूनही बहुतेकांनी तोंड फिरवले. शिवले म्हणजे बाटले, ही भावना डोक्यात अशी बसते की पुरावा तिच्यापर्यंत पोचतच नाही. रागाचे तसे नसते. राग भांडून निवतो, माणसाशी बोलून उतरतो. किळस माणसाला बोलण्याच्या अंतरावरच येऊ देत नाही. म्हणून महाडात वाद पाण्याचा असूनही आधी अफवा धावली आणि मग लाठ्या. ज्यांच्याशी कधी एका ओट्यावर बसलो नाही त्यांच्याविषयी काहीही खरे वाटते.

अगदी लहान मुलाला मात्र ही किळस नसते. हे मी वर्गात पाहिले आहे. शाळेत एक माठ आणि एक ओगराळे. पहिलीतली पोरे एकमेकांच्या हातातून ओढून पाणी प्यायची. तिसरीतली एक कुणबी मुलगी मात्र कातकऱ्याच्या पोराने ओगराळे बुडवले की मधल्या सुट्टीत पाणी प्यायला घरी धावायची. म्हणजे पहिली ते तिसरीच्या दरम्यान कुणीतरी शिकवले होते. तिच्या आईला मी ओळखत होतो. वाईट बाई नव्हती. त्या पोराच्या आईला नाचणीच्या भाकऱ्या द्यायची, पण वरून, पदरात टाकायची. एकदा विचारले तर म्हणाली, ‘मला काय नाय वो गुरुजी, भावकी काय म्हणेल?’ तिच्या मनात त्या पोराविषयी द्वेष किती आणि भावकीची भीती किती, याचे माप मला कधी लागले नाही. भीतीच जास्त असावी. महाड नगरपालिकेने आपलाच ठराव १९२७ च्या ऑगस्टमध्ये मागे घेतला, त्यामागेही मला हीच भावकी दिसते.

पण त्या काळी महाडच्या लढ्यात वेगळी माणसेही निघाली. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, म्हणजे सुरबानाना. अनंतराव चित्रे. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, जातीने ब्राह्मण. त्या परिषदेच्या मांडवाला फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी जागा दिली. ही माणसे उपदेश ऐकून बदलली नव्हती. चित्रे, सहस्रबुद्धे सामाजिक कामात दलित कार्यकर्त्यांबरोबर वर्षानुवर्षे राबले होते.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९५४ साली हेच सूत्र म्हणून मांडले. नुसती भेटगाठ होऊन द्वेष जात नाही. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, गरज एक हवी, काम एकत्र हवे आणि कायद्याचे किंवा वरिष्ठांचे पाठबळ हवे. पुढे शेकडो अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा या अटी असल्या की फरक जास्त पडतो असे दिसले. पदरात भाकरी टाकणारी बाई त्या कातकरणीला रोज भेटत होतीच की. बरोबरी नव्हती.

‘एकमेकांना समजून घ्या’ हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटते. ते बहुधा मार खाणाऱ्यालाच ऐकवले जाते. चवदार तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अस्पृश्यांना मनाई करणारी वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे दावा लावणाऱ्या सवर्णांना सिद्ध करता आलेले नाही.   समजूत पटायची वाट पाहिली असती तर हा निकालच लागला नसता.

तरी निकालाने माणसे जवळ आली नाहीत. ती आली खोतामुळे. कोकणात खोत सरकारसाठी सारा गोळा करायचा आणि कुळाकडून अर्धेल, म्हणजे अर्धे पीक, घ्यायचा, वर वेठ. कूळ कुणबी असो की महार, भात मोजताना खोताचे माप एकच. १९३७ च्या निवडणुकीत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे टिपणीस आणि चित्रे दोघेही निवडून आले. त्याच सप्टेंबरात आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो कुळे मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेली. त्यात कुणबी होते, महार होते. दहा वर्षांपूर्वी ज्याच्या पाण्याचा विटाळ, त्याच्याच खांद्याला खांदा. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. ही एकजूट पुढे गावागावात टिकली असती तर बरे झाले असते. खोत गेला आणि वाड्या होत्या तिथेच राहिल्या.

आमच्या शाळेत खोताचे काम पाण्याच्या टंचाईने केले. पोलादपुरात पाऊस कोसळतो तो असा की दिवसभर डोंगर दिसत नाही, आणि मे महिन्यात वाड्यांना टँकर लागतो. पाऊस सरल्यावर आम्ही मुलांना घेऊन वहाळात वनराई बंधारा घालायचो. सिमेंटची रिकामी पोती, त्यांत वाळू-माती, आणि हातोहात पुढे सरकवायला पोरांची साखळी. वहाळाचा तळ कुठे कातळाचा, कुठे खेकड्यांच्या बिळांनी पोखरलेला, हे एकट्या त्या कातकरी पोराला ठाऊक. पहिले पोते त्याने सांगितले तिथे पडले नाही आणि बाजूने पाणी सुटले. मग सगळे त्याला विचारून पोती टाकू लागले, तिसरीतली ती मुलगीसुद्धा. त्या दुपारी डबा तिने वेगळाच बसून खाल्ला. माठातले पाणी मात्र नंतर ती पिऊ लागली. ‘घरी सांगू नका,’ एवढेच म्हणाली. मी सांगितले नाही.

अलीकडे मॅट लोव या अर्थतज्ज्ञाचा उत्तर प्रदेशातला एक अभ्यास वाचनात आला. त्यांनी वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेटचे संघ पाडले. एका संघात खेळलेल्यांची जातीबाहेरची मैत्री वाढली. नुसते एकमेकांविरुद्ध खेळलेल्यांत तो फायदा दिसला नाही. आमच्याकडे तर उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा म्हणजे वाडीविरुद्ध वाडी, आणि वाडी म्हणजे जवळपास जातच. म्हणून यंदा स्पर्धा भरवणाऱ्या पोरांना, त्यांतले निम्मे माझेच विद्यार्थी, मी म्हटले की चिठ्ठ्या टाकून सगळ्या वाड्यांचे मिसळून संघ करा. पोरे विचारात पडली. त्यांच्यातला एक म्हणाला, ‘करू की गुरुजी. पण जिंकलो तर ट्रॉफी कुणाच्या वाडीत ठेवायची?’

शाळेत ठेवा म्हणालो. त्यावर त्यांची अजून बैठक व्हायची आहे.