पाककृतींसह रहस्यकादंबरी : वाचकाकर्षणाचे स्वरूप आणि मराठी स्वयंपाकघराची साक्ष

सारांश

खून, त्याचा तपास आणि प्रकरणाअखेरीस पदार्थाची कृती अशी रचना असलेल्या रहस्यकादंबऱ्या १९८० नंतर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर लिहिल्या गेल्या. प्रस्तुत लेखात या कादंबरीप्रकाराच्या आकर्षणाची कारणमीमांसा केली आहे. मराठीत रहस्यकथा आणि पाकशास्त्रविषयक लेखन या दोन्ही परंपरा समृद्ध असूनही त्यांचा संयोग ठळकपणे का झाला नाही, याचाही विचार केला आहे. स्वयंपाकघरातील ज्ञानाला पुराव्याचा दर्जा मिळणे हे या प्रकाराचे खरे बलस्थान असून मराठी संदर्भात हा प्रश्न केवळ रंजनाचा राहत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : रहस्यकथा, पाककृती, स्वयंपाकघर, पुरावा, स्त्रीज्ञान, लोकप्रिय साहित्य.

प्रस्तावना

लोकप्रिय साहित्याकडे विद्यापीठीय समीक्षेने दीर्घकाळ दुर्लक्ष केले. महाविद्यालयीन ग्रंथालयात रहस्यकथा आणि पाककृतींची पुस्तके दोन्ही असतात आणि दोन्ही भरपूर वाचली जातात. तथापि अभ्यासक्रमात त्यांना क्वचितच स्थान मिळते. पहिल्यास ‘वेळ घालविण्याचे’ आणि दुसऱ्यास ‘उपयोगाचे’ पुस्तक म्हणून साहित्याच्या उंबरठ्याबाहेर ठेवले जाते. या दोन उपेक्षित प्रकारांना एकत्र आणणारी कादंबरी लक्षावधी वाचकांना का आवडली, हा प्रश्न म्हणूनच साहित्याच्या अध्यापकाने विचारात घ्यावा असा आहे.

इंग्रजीत ‘कोझी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रहस्यकथेचे संकेत ठरलेले आहेत. गाव लहान असते. माणसे एकमेकांना ओळखत असतात. रक्तपात बहुधा पडद्याआड होतो. तपास करणारी व्यक्ती पोलीस खात्यातील नसते आणि शेवटी गुन्हेगार सापडून विस्कटलेली घडी पुन्हा बसते. अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल १९३० मध्ये कादंबरीत अवतरली, तेव्हाच या प्रकाराचा आदर्श नमुना सिद्ध झाला. या कथेची नायिका स्वयंपाकात पारंगत असेल आणि कथेबरोबर पदार्थांची कृतीही दिलेली असेल, तर त्या कादंबरीस प्रस्तुत लेखात सोयीसाठी ‘पाकरहस्यकथा’ असे म्हटले आहे.

पाकरहस्यकथेची जडणघडण

या प्रकाराची बीजे बरीच मागे जातात. रेक्स स्टाउट यांच्या १९३८ मधील ‘टू मेनी कुक्स’ या कादंबरीत नामवंत आचारी एकत्र जमतात. एका चटणीवजा सॉसमधील नऊ घटकांपैकी प्रत्येक ताटलीत एक वगळलेला असतो आणि तो जिभेने ओळखण्याची स्पर्धा चालू असतानाच खून होतो. भोजनभक्त गुप्तहेर नीरो वुल्फ आपल्या कामाचे मोल म्हणून पैशाऐवजी एका पदार्थाची गुप्त कृती मागून घेतो. येथे चव हे परीक्षेचे साधन ठरते आणि कृती हे द्रव्याहून मोलाचे धन ठरते.

व्हर्जिनिया रिच यांची ‘द कुकिंग स्कूल मर्डर्स’ (१९८२) ही आधुनिक पाकरहस्यकथेची आरंभीची कादंबरी मानली जाते. डायेन मॉट डेव्हिडसन यांच्या ‘केटरिंग टू नोबडी’ (१९९०) ने या प्रकारास स्थिर रूप दिले. तिची नायिका गोल्डी हिने मारझोड करणाऱ्या डॉक्टर नवऱ्यापासून घटस्फोट घेतला आहे आणि जेवणावळींची कामे घेऊन ती मुलाला वाढवीत आहे. तिने पुरविलेल्या भोजनप्रसंगी तिच्या पूर्वीच्या सासऱ्यावर विषप्रयोग होतो आणि पोलीस तिचे स्वयंपाकघर बंद करतात. पुढे जोआन फ्लूक यांच्या ‘चॉकलेट चिप कुकी मर्डर’ (२०००) मधील हॅना स्वेन्सन हिच्या बेकरीमागे दूधपोहोच्या तरुणाचा मृतदेह सापडतो. तिची बिस्किटे त्याच्याभोवती विखुरलेली असतात. या दोन्ही कथांत आरंभीचे संकट एकच आहे : जिच्या हातचे लोक खातात, तिच्या हातावरचा विश्वास डळमळतो. तपास हा केवळ न्यायासाठी नसून पोटासाठीही असतो.

आकर्षणाची कारणे

पहिले कारण विश्वासाच्या पुनःस्थापनेचे आहे. दुसऱ्याने रांधलेले अन्न तोंडात घालणे ही नित्याची, परंतु फार मोठ्या विश्वासाची कृती आहे. विष ही त्या विश्वासावरची घाव घालणारी गोष्ट. डोरोथी सेयर्स यांच्या ‘स्ट्राँग पॉयझन’ (१९३०) या कादंबरीत कोणी काय खाल्ले, कोणाबरोबर खाल्ले, याच्या तपशीलवार हिशेबावर सारे कोडे उभे आहे. पाकरहस्यकथा हा हिशेब पुढे नेते. कथानकात अन्न संशयास्पद ठरते. परंतु प्रकरणाअखेरीस दिलेली कृती वाचकास सांगते की घटक हे, प्रमाण हे, येथे काहीही लपविलेले नाही. गुप्तहेराचे उत्तर वाचकाला मान्य करावे लागते. कृती मात्र तो स्वतः करून पडताळू शकतो. रहस्यकथेत ‘उघड करणे’ ही जी अंतिम क्रिया असते, तिचे रोजच्या जीवनातील रूप म्हणजे पाककृती होय.

दुसरे कारण गतीचे आहे. खून, संशय, पाठलाग यांनी ताणलेल्या वाचकाला लोणी आणि साखर फेसण्याचा मजकूर थांबवून धरतो. हा विसावा उपरा वाटत नाही, कारण स्वयंपाकालाही स्वतःची उत्कंठा असते. आच किती, वेळ किती, पाक साधला की बिघडला, हे प्रश्न उत्तर मिळेपर्यंत मनाला गुंतवून ठेवतात.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण ज्ञानाच्या प्रतिष्ठेचे आहे. सुसान ग्लास्पेल यांची ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका (१९१६) आणि तिच्यावरून लिहिलेली ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ ही कथा (१९१७) या दृष्टीने मूलभूत आहेत. ग्लास्पेल यांनी वार्ताहर असताना आयोवा राज्यातील एका शेतकऱ्याच्या खुनाचे वार्तांकन केले होते. त्या अनुभवातून हे लेखन झाले. कथेत सरकारी पुरुष मंडळी घरभर पुरावा शोधतात आणि स्वयंपाकघराकडे क्षुल्लक गोष्टींची जागा म्हणून पाहतात. त्यांच्याबरोबर आलेल्या दोन स्त्रिया मात्र तेथेच बसून अर्धवट पुसलेले टेबल आणि अचानक वेडावाकडा झालेला गोधडीचा टाका पाहतात, आणि त्यांना सारे समजते. पुढील काळातील पाकरहस्यकथेची नायिका ही या दोन स्त्रियांचीच वारसदार होय. तिला लोक ‘साधी बाई’ समजतात. तेच तिचे सामर्थ्य ठरते.

शितावरून भाताची परीक्षा

मराठीत अनुमानाची व्याख्याच स्वयंपाकघरातून आली आहे. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण गुप्तहेराच्या तर्कपद्धतीचे नेमके वर्णन करते. एखाद्या घरात भिजविलेल्या मटकीला किती लांबीचे मोड आले, विरजण कितपत लागले, चुलीतील राखेत अजून धग आहे का, यांवरून घरातील हालचाल केव्हा थांबली हे अनुभवी गृहिणी घड्याळाशिवाय सांगू शकते. ज्वारीचे पीठ फार दिवसांचे झाले की त्याची विरी जाते व भाकरी थापताना कडा फाटतात. म्हणजे पीठ केव्हा दळले याची नोंद भाकरीतच असते.

बारामती व इंदापूर तालुक्यांच्या परिसरातही अशा ज्ञानाची उदाहरणे विपुल आहेत. नीरा कालव्याच्या पाण्याने येथे ऊस आला. उसाच्या गुऱ्हाळावर गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, हे पाहतो आणि कढई उतरविण्याचा क्षण ठरवितो. उजनी धरणाच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील अनेक गावे गेली. पाणी ओसरल्यावर पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, तेव्हा त्याची आठवण होते. त्याच जलाशयातील चिलापी आता भिगवणच्या बाजारात आणि हमरस्त्यावरील खाणावळींत नित्याची झाली आहे. एका पिढीच्या ताटात काय बदलले, एवढ्यावरून या परिसराचा जलसिंचनाचा आणि विस्थापनाचा इतिहास मांडता येईल. रहस्यकादंबरीस लागणारा लहान, परस्परपरिचित समाज आणि तपशिलांनी भरलेले अन्नजीवन येथे आयतेच उपलब्ध आहे.

मराठीतील दोन समांतर परंपरा

असे असूनही हा प्रकार मराठीत ठळकपणे रुजलेला दिसत नाही. बाबुराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी एक हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय या त्यांच्या नायकांनी अनेक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आदींनी ही परंपरा चालविली. या कथांचे जग मुख्यतः रात्रीचे, महानगरी आणि पुरुषी पराक्रमाचे आहे. स्वयंपाकघरात तपास घडावा, ही कल्पना त्या जगाला मानवणारी नव्हती.

दुसरीकडे पाकशास्त्रविषयक लेखनाची परंपराही तेवढीच भक्कम आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० मध्ये एक हजार पाकक्रिया घेऊन आले. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ (१९७०) या पुस्तकाने वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन अनुभवाच्या ‘अंदाजाला’ पडताळता येईल असे रूप दिले. दुर्गाबाई भागवत यांच्या ‘खमंग’ मध्ये पाककृतीला आठवणींची व संस्कृतिचिंतनाची जोड मिळाली. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाने मराठवाड्यातील दलित समाजाच्या पाककृती त्यांच्या सामाजिक इतिहासासह नोंदविल्या आणि ‘मराठी खाद्यसंस्कृती’ या शब्दप्रयोगात कोणाचे ताट वगळले गेले, हा प्रश्न उपस्थित केला.

या दोन परंपरा एका छापील बाडात शेजारीशेजारी नांदल्या, त्या मासिके व दिवाळी अंक यांत. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकाची प्रथा आणि १९३० मध्ये किर्लोस्करांनी सुरू केलेले ‘स्त्री’ मासिक यांनी घराघरांत वाचक निर्माण केला. पुढील दशकांतील कौटुंबिक अंकांत कथा आणि पाककृती एकाच अनुक्रमणिकेत येऊ लागल्या. मराठी वाचक या दोन्हींमधली पाने सहज उलटीत राहिला. त्यांच्यामधली भिंत मात्र लेखकांनी फारशी ओलांडली नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्या मुंबईच्या कल्पना स्वामिनाथन यांच्या ‘द पेज थ्री मर्डर्स’ (२००६) मध्ये खाद्यमेजवानीसाठी जमलेल्या मंडळींत खून होतो आणि लल्ली ही निवृत्त पोलीस तपासनीस त्याचा छडा लावते. महाराष्ट्राच्या भूमीत हे कथासूत्र फुलू शकते, याचा हा पुरावा होय.

उबदारपणाची मर्यादा

येथे एक गंभीर प्रश्न निर्माण होतो. या कादंबरीप्रकारात स्वयंपाकघर ही सुरक्षित जागा असते आणि संकट बाहेरून येते. मराठी स्वयंपाकघराचा इतिहास असे म्हणू देत नाही. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही १९७०-८० च्या दशकांतील वृत्तपत्रांची परिचित ओळ होती. या मृत्यूंपैकी कित्येक अपघात नव्हते, हे स्त्रीसंघटनांनी सातत्याने मांडले. त्यातूनच १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीविषयक कलम ३०४-ब समाविष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय न्याय संहितेत आल्या आहेत. विवाहानंतर सात वर्षांच्या आत होणाऱ्या संशयास्पद मृत्यूकडे कायदा आता वेगळ्या दृष्टीने पाहतो.

परंतु कायद्याला पुरावा लागतो आणि तो त्या स्वयंपाकघरातच असतो. स्टोव्ह जागच्या जागी शाबूत आहे का, त्यावर भांडे होते का, भांड्यात काही शिजत होते का, ती वेळ त्या घरी स्वयंपाकाची होती का, हे प्रश्न शेजारच्या बाईला क्षणात सुचतील. पंचनाम्यात ते येतीलच असे नाही. ग्लास्पेल यांच्या कथेतील दोन स्त्रियांचे ज्ञान येथे जीवनमरणाचे ठरते. म्हणून मराठीत पाकरहस्यकथा लिहिली गेली, तर तिला हे स्मरण टाळून उबदार होता येणार नाही. तसेच कोणाच्या हातचे कोण खाते आणि कोणाला ओसरीवरूनच परत पाठविले जाते, हा जातिव्यवस्थेचा हिशेबही तिला मांडावा लागेल. आपल्या गावात ‘कोण कोणाबरोबर जेवले’ हा प्रश्न गुप्तहेराच्याही आधी समाजाने विचारलेला आहे.

यामुळे हा प्रकार मराठीला अशक्य ठरत नाही. डेव्हिडसन यांची गोल्डीही मारहाणीतून निसटलेली स्त्री आहे. तिच्या कादंबरीतील ऊब भयाच्या पार्श्वभूमीवरच अर्थपूर्ण होते. स्वयंपाकघर धोक्याचेही असते हे मान्य केल्यावरच तेथे विश्वास पुन्हा उभा राहण्याला मोल येते.

निष्कर्ष

१. पाकरहस्यकथेचे आकर्षण केवळ हलक्याफुलक्या रंजनात नसून अन्नावरील विश्वास मोडणे आणि तो पडताळता येईल अशा रूपात परत मिळणे यात आहे.

२. पाककृती ही कथेला जोडलेली पुरवणी नाही. रहस्योद्घाटनाचीच ती वाचकाच्या हाती दिलेली आवृत्ती आहे.

३. या प्रकारात स्वयंपाकघरातील ज्ञानाला पुराव्याची प्रतिष्ठा मिळते. स्त्रियांच्या अनुभवसिद्ध ज्ञानाकडे पाहण्याची दृष्टी त्यामुळे बदलू शकते.

४. मराठीत रहस्यकथा व पाकशास्त्र या दोन्ही परंपरा उपलब्ध आहेत. त्यांच्या संयोगासाठी लिंगभाव व जात यांचे भान अपरिहार्य आहे.

समारोप

बारामती-इंदापूरसारख्या परिसरातील महाविद्यालयांत येणाऱ्या अनेक विद्यार्थिनी सकाळी घरच्या भाकरी थापून वर्गात बसतात. वर्गात त्यांना ‘निरीक्षण’, ‘अनुमान’ आणि ‘पुरावा’ या संज्ञा नव्याने शिकविल्या जातात. पिठाच्या कडा फाटल्या की त्याचे वय ओळखणाऱ्या मुलीला या तिन्ही गोष्टी आधीच येत असतात. त्यांना ज्ञान म्हणतात, हे तिला कोणी सांगितलेले नसते. लोकप्रिय म्हणून बाजूला ठेवलेला एक कादंबरीप्रकार हे सांगण्याचे निमित्त ठरत असेल, तर त्याला अभ्यासाच्या मेजावर जागा देणे उचित ठरेल.