तोंडावरची पट्टी आणि गावाचे मन

तुरीची मळणी चालू असता यंत्राच्या तोंडाशी उभा राहणारा गडी नाकातोंडावरून उपरणे घट्ट गुंडाळून घेतो. त्याला तसे करण्यास कोणी सांगावे लागत नाही. भुसकट डोळ्यांना दिसते, नाकात शिरते, रात्री खोकला आणते; म्हणून बचावाचा उपाय तो आपण होऊन योजतो. मिरची कांडणारी बाई पदर नाकाला लावते तोही असाच. परंतु हाच गडी २०२० साली चावडीसमोर उभा असताना त्याची मुखपट्टी बहुधा हनुवटीखाली लोंबत असे. तालुक्याची गाडी दिसली की ती नाकावर चढे आणि गाडी वळणाआड गेली की पुन्हा खाली येई. हे दृश्य पाहिले नाही असा गावपातळीवरील कार्यकर्ता विरळा.

यावरून आपले लोकच अडाणी, असा निकाल देऊन पुष्कळजण मोकळे झाले. हा निकाल चुकीचा आहे; शिवाय तो देणाऱ्या कार्यकर्त्याचे पुढचे कामही बिघडवणारा आहे. मळणीचा धुरळा दिसतो, रोगाचे जंतू दिसत नाहीत, हा एक भेद झाला. दुसरा भेद अधिक खोल आहे. मळणीचे उपरणे ज्याचे त्याच्या उपयोगी पडते. करोनाच्या साथीतील मुखपट्टी मात्र बऱ्याच अंशी दुसऱ्यासाठी होती. कारण आपल्याला रोग झाला आहे हे ठाऊक नसलेला, धडधाकट दिसणारा माणूसही बोलण्याखोकण्यातून तो इतरांना देत होता. आपल्या श्वासापासून शेजाऱ्याला अपाय होईल, ही कल्पनाच मुळी माणसाला रुचत नाही. आणि घरी आलेल्या सोयऱ्यासमोर तोंड झाकून बसायचे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, असे गावाकडे मानले जाते. दुसऱ्या जीवाला आपल्या श्वासाने इजा होऊ नये म्हणून तोंडावर पट्टी बांधणारे स्थानकवासी जैन साधू आपल्या गावांतून पायी जाताना अनेकांनी पाहिले आहेत. ती मुहपत्ती पाहून कोणाला अपमान वाटत नाही. कारण तिचा अर्थ सर्वांना माहीत असतो. २०२० सालच्या पट्टीचा अर्थ मात्र गावात ठरायचाच होता.

हा दोष केवळ आपल्याच लोकांत असता, तर इतर देशांचा इतिहास निराळा दिसता. १९१० साली चीनच्या ईशान्येकडील मांचुरिया प्रांतात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. पेनांग येथे जन्मलेले व केंब्रिजमध्ये शिकलेले डॉ. वू लिएन-ते यांना तिच्या बंदोबस्तासाठी हार्बिन शहरी पाठवण्यात आले. हा प्लेग उंदरांच्या पिसवांपेक्षा माणसाच्या श्वासातून पसरतो आहे, असे त्यांनी ताडले आणि मलमलीसारख्या विरळ कापडाच्या घड्यांत कापूस घालून केलेली पट्टी सर्वांनी बांधावी, असा आग्रह धरला. तेथे आलेले वडीलधारे फ्रेंच डॉक्टर मेस्नी यांना या तरुण वैद्याचे म्हणणे पटले नाही. ते पट्टी न बांधताच रुग्णांच्या खोलीत गेले आणि जानेवारी १९११ मध्ये थोड्याच दिवसांत प्लेगने दगावले. त्यानंतर पट्टीला नावे ठेवणारे गप्प बसले. त्या साथीत सुमारे ६० हजार माणसे मेली. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, पट्टी नाकारणारा मनुष्य अशिक्षित नव्हता. तो आपल्या विद्येत अनुभवी होता आणि त्याच अनुभवाच्या भरवशावर चुकला.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराचे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, म्हणजे ज्या तापाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली त्याच साथीत, तेथे ऑक्टोबर महिन्यात मुखपट्टी सक्तीची झाली. आरंभी लोकांनी ती उत्साहाने बांधली; महायुद्ध चालू होते आणि पट्टी हे देशकार्य मानले गेले. न बांधणाऱ्यांना दंड झाला, काहींना तुरुंगही पाहावा लागला. परंतु खुद्द नगराध्यक्ष जेम्स रॉल्फ हेच पट्टीवाचून आढळले आणि त्यांच्याच पोलीसप्रमुखाने त्यांना ५० डॉलर दंड केला. २१ नोव्हेंबरला सक्ती उठली, तेव्हा भोंगा वाजताच लोकांनी रस्त्यातच पट्ट्या फेकल्या. पुढे रोग पुन्हा वाढला आणि जानेवारी १९१९ मध्ये सक्ती परत आणावी लागली. या वेळी मात्र शहरात मुखपट्टीविरोधी संघ स्थापन झाला, सभा भरल्या आणि १ फेब्रुवारीला हुकूम मागे घेण्यात आला. एकदा सुटलेली सवय दुसऱ्यांदा हुकमाने बसत नाही. शिवाय त्या विरळ कापडाच्या पट्ट्यांचा उपयोगही बेताचाच होता, हेही सांगितले पाहिजे. विरोध करणाऱ्यांची प्रत्येक शंका खुळी होती असे नाही.

साथ आणि सक्ती यांचा कडू अनुभव महाराष्ट्राला त्याहून जुना आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घरांत शिरले, देवघर आणि माजघर यांचा मुलाहिजा राखला गेला नाही. त्या संतापातून २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँड साहेबावर गोळ्या झाडल्या. उंदीर मारणे, घरे धुणे, रोगी वेगळा ठेवणे यांतील पुष्कळशा गोष्टी आरोग्याच्या दृष्टीने योग्यही असतील. परंतु त्या ज्या हातांनी आल्या ते हात लोकांना परके वाटले.

२०२० साली परकी सत्ता नव्हती; तरी हुकमाचा मार्ग प्रथम आठवला. ८ एप्रिल रोजी मुंबई महानगरपालिकेने सार्वजनिक जागी मुखपट्टी सक्तीची केली. पुढे दोनशे रुपयांची पावती फाडणारे माणूस आणि नागरिक यांच्या चकमकी नित्याच्या झाल्या. दंडाने पट्टी नाकावर येते यात शंका नाही. पण दंड करणारा समोर असेतोवरच. त्यात भर पडली ती बदलत्या सल्ल्याची. धडधाकट माणसाला पट्टीची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना प्रथम सांगत होती. ५ जून २०२० रोजी, जेथे अंतर राखणे अशक्य आहे अशा जागी सर्वांनी कापडी पट्टी वापरावी, असा सल्ला तिने दिला. ज्ञान वाढले तसा सल्ला बदलला, हे खरे. परंतु गावातल्या माणसाने “कालपर्यंत नको होती, आज हवी कशी?” असे विचारले, तर तो प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. ज्या कार्यकर्त्याने “तेव्हा आम्हालाही पुरते कळले नव्हते” असे सरळ सांगितले, त्याचे लोकांनी ऐकले. ज्याने कागद पुढे केला, त्याला “बरं साहेब” एवढेच उत्तर मिळाले.

मग लोक पट्टी बांधतात तरी कशाने? या प्रश्नाचा आपल्या कामाला सर्वांत उपयोगी पडेल असा शोध शेजारच्या बांगलादेशातील खेड्यांत झाला. तेथेही सरकारी सक्ती होती, दंड होता. विचारले असता बहुतेक लोक “आम्ही पट्टी वापरतो” असे म्हणत. प्रत्यक्ष रस्त्यावर उभे राहून मोजणी केली, तेव्हा मे २०२० मध्ये सुमारे निम्म्या आणि जूनमध्ये सुमारे पाव लोकांच्याच तोंडावर ती आढळली. तेव्हा अर्थशास्त्रज्ञ अबालक व मोबारक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ६०० गावे व तीन लाख चाळीस हजारांवर प्रौढ माणसे घेऊन एक चाचणी केली. आपण नव्या वाणाची चाचणी घेतो, एका वाफ्यात नवे बी व शेजारी जुने, त्याच धर्तीची ती होती. निम्म्या गावांत काही केले नाही. उरलेल्या गावांत चार गोष्टी एकत्र केल्या: पट्ट्या घरोघरी फुकट दिल्या, का बांधायच्या व कशा बांधायच्या ते समजावून सांगितले, मशिदीचे इमाम व गावातील मानकरी यांनी स्वतः बांधून दाखवल्या, आणि नेमलेली माणसे बाजारात, मशिदीशी, चहाच्या टपरीपाशी उभी राहून, तोंड उघडे दिसेल त्याला सौम्य शब्दांत आठवण देऊन हातात पट्टी देत राहिली.

काहीच न केलेल्या गावांत नीट पट्टी बांधणारे शंभरात १३ होते. या गावांत ते ४२ झाले. मशिदींत वाढ सर्वांत अधिक झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते याहून बोधप्रद ते, जे निरुपयोगी ठरले. मोबाईलवर संदेश पाठवले; फरक पडला नाही. घरावर फलक लावून घेतले, तोंडी वचने घेतली. फरक पडला नाही. गावाला बक्षीस लावले, तेही व्यर्थ गेले. “स्वतःला जपा” असे सांगितले काय आणि “दुसऱ्यांना जपा” असे सांगितले काय, परिणाम सारखाच. आरंभीच्या लहान प्रयोगांत रस्त्यावर समक्ष आठवण देण्याचे अंग वगळले होते, तेव्हा वाढ थोडकीच झाली. म्हणजे भाषणातील शब्द कोणते, यावर आपण जेवढी डोकेफोड करतो तेवढी ती फलदायी नाही. ओळखीच्या जागी, समक्ष, न रागावता आणि वस्तू हातात देऊन आठवण करून देणारा माणूस हेच त्या यशाचे मर्म होते.

रोगाच्या बाबतीत काय झाले, तेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. लक्षणे असून रक्ततपासणीत खरी ठरलेली रोगबाधा या गावांत एकंदरीत सुमारे शेकडा साडेनऊने कमी झाली. डॉक्टर शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात तशी पट्टी जेथे वाटली, तेथील साठ वर्षांवरील वृद्धांत ती सुमारे एक तृतीयांशाने घटली. कापडी पट्टीचा गुण तितका स्पष्ट दिसला नाही. हे आकडे जादूचे नाहीत. मात्र घरात म्हातारे आईबाप असणाऱ्याला ते लहानही वाटणार नाहीत. आठवण देणारी माणसे निघून गेल्यावर पट्टी काही आठवडे टिकली. पाच-सहा महिन्यांनी पाहता बराचसा फरक ओसरला होता.

आपल्याकडेही या पद्धतीची बीजे होती. बचत गटांच्या स्त्रियांनी गावोगावी मुखपट्ट्या शिवल्या. शेजारणीने शिवलेली पट्टी दुकानच्या पट्टीपेक्षा लवकर तोंडावर चढते, कारण ती कोणी शिवली हे सर्वांना माहीत असते. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशा सेविका व स्वयंसेवक घरोघरी गेले. १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रातील निर्बंध उठले व मुखपट्टी ऐच्छिक झाली, आणि ती गावातून जवळजवळ नाहीशी झाली. याचा एक तोटा ज्यांच्या वाट्यास आला त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. क्षयाचा रुग्ण उपचाराच्या आरंभी घरच्यांच्या रक्षणासाठी पट्टी बांधतो. सर्वांच्या तोंडावर पट्टी होती तोवर त्याच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते. आता एकट्याच्याच तोंडावर ती दिसते आणि पारावर कुजबुज सुरू होते. मग तो ती काढून खिशात ठेवतो.

शेतीच्या कामाशी याचा निकटचा संबंध फवारणीत येतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात पडले. संरक्षक साधने वापरा, असे डब्यावरच्या चिठ्ठीत छापलेले असते. परंतु भादव्याच्या उन्हात, पुरुषभर वाढलेल्या कपाशीत, पंपाच्या हिशेबाने मजुरी घेणारा गडी हातमोजे व पट्टी बाजूला ठेवतो. त्यात हयगयीपेक्षा घामाचा आणि रोजाचा भाग मोठा असतो. करोनाच्या काळात घरी राहिलेली कापडी पट्टी किंवा मळणीचे उपरणे येथे चालेल, अशी समजूत आढळते. ती धोक्याची आहे. कापड विषाची वाफ अडवीत नाही. उलट तुषारांनी भिजले की विष नाकातोंडाशी व कातडीशी धरून ठेवते. शिवाय फवारणीचे विष मुख्यतः कातडीवाटे शरीरात जाते; म्हणून नुसत्या तोंडापुरता विचार पुरत नाही. चिठ्ठीत सांगितलेली गाळणीची पट्टी, हातमोजे, अंगभर कपडे आणि काम संपताच साबणाने स्नान, हे सर्व मिळून एक साधन समजावे.

कार्यकर्त्याने यासाठी फलक रंगवण्यापेक्षा पहिल्या फवारणीच्या आधीच्या आठवड्यात, औषधे विकणाऱ्या दुकानाच्या ओट्यावर सकाळी तासभर बसावे. सोबत चार-पाच पट्ट्या आणि हातमोज्यांचे जोड असावेत. गावातील ज्या शेतकऱ्याकडे इतर लोक फवारणीचे पाहून शिकतात, त्याच्या शेतावर पहिला पंप साधने घालून मारला जावा, आणि शेतमालकाने मजुराला त्यासाठी पंपांची संख्या कमी झाली तरी पुरा रोज द्यावा, असे बोलणे आधीच करून ठेवावे. नंतरच्या प्रत्येक फवारणीच्या वेळी पुन्हा एक फेरी मारावी. विशेषतः दसऱ्याच्या सुमारास, कारण तोपर्यंत पहिल्या फेरीत दिलेल्या पट्ट्यांपैकी निम्म्या गोठ्याच्या खुंटीवर गेलेल्या असतात.