दर्या की दऱ्या? : आघात, हात आणि रफार

'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द मोठ्याने म्हणून बघा. आपल्या पनवेलला एका बाजूला खाडी, म्हणजे दर्या जवळच. दुसऱ्या बाजूला माथेरानच्या दऱ्या. अर्थ पूर्ण वेगळे, पण वर्ण तेच! फरक पडतो तो आघाताने.

'दर्या' म्हणताना 'द'वर जोर येतो : दर्-या. 'दऱ्या' म्हणताना तो येत नाही : द-ऱ्या. लिहितानाही आपण हे दाखवतो. आघात असेल तर रफार (र्य), नसेल तर अर्धा ऱ (ऱ्य).

स्पॅनिशमध्येही असंच आहे. 'पापा'तल्या पहिल्या 'पा'वर जोर दिला तर लॅटिन अमेरिकेत अर्थ होतो बटाटा, शेवटच्या 'पा'वर दिला तर बाबा. तिथे शेवटच्या स्वरावर छोटी तिरपी रेघ देतात.

नुसता नियम सांगून मुलांच्या हे लक्षात राहत नाही. हाताची मदत घ्या :

१. आधी फळ्यावर काही लिहू नका. शब्द फक्त ऐकवा.
२. 'दर्-या' म्हणताना 'दर्'ला तळहात बाकावर दाबायचा.
३. 'दऱ्या' म्हणताना हात न थांबवता हवेतून पुढे न्यायचा.
४. मग शब्द लिहा. जिथे हात दाबला, तिथे रफार.
५. जमलं की हात बंद, फक्त वाचन.

लिहिताना शंका आली तर मूळ शब्द बघायचा. शेवटी रा, री असेल तर बहुतेक वेळा ऱ्य येतो : वारा-वाऱ्यावर, पुरी-पुऱ्या, शेतकरी-शेतकऱ्यांना. मुळातच र्य असेल तर रफार राहतो : सूर्य-सूर्याला, कार्य-कार्याला.

'एवढ्याने काय बिघडतं?' असं काही पालक विचारतात. 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर स्वयंपाकी! मोबाईलवर घाईत आपण 'शेतकर्‍यांना'ऐवजी रफार देऊन 'शेतकर्यांना' लिहितो. मुलं तेच बघतात आणि 'शेतकर्-यांना' असं अडखळत वाचतात. म्हणून घरच्या मेसेजमध्येही अर्धा ऱ नीट लिहूया.

आज घरी पाच शब्द घेऊन करून बघा : नोकऱ्या, धैर्याने, किनाऱ्यावर, आश्चर्याने, बऱ्याच. हात कुठे दाबला गेला, ते मुलांनाच सांगू द्या.